कोळशावरचा उपकर गेला : भारतात कार्बनला आता किंमत उरली आहे का?

इरईकाठ (मूळ प्रश्न)

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने दरांची फेररचना केली, तेव्हा साबण, बिस्किटे आणि लहान मोटारी स्वस्त होणार याची भरपूर चर्चा झाली. त्याच निर्णयाने कोळशावरचा टनामागे ४०० रुपयांचा भरपाई उपकर रद्द झाला आणि कोळशावरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. चंद्रपुरात, म्हणजे खाणी, सिमेंटचे कारखाने आणि २,९२० मेगावॅटचे महाऔष्णिक वीज केंद्र यांच्या सान्निध्यात राहणाऱ्या माझ्यासारख्याला साबणाच्या दरापेक्षा ही बातमी महत्त्वाची वाटते. अर्थशास्त्र हा माझा विषय नसल्यामुळे जाणकारांनी खुलासा करावा, अशी विनंती आहे.

माझी समजूत अशी आहे की तत्कालीन अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी २०१० च्या अर्थसंकल्पात कोळशावर टनामागे ५० रुपयांचा ‘स्वच्छ ऊर्जा उपकर’ लावला, तो २०१४ मध्ये १००, २०१५ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये ४०० रुपये झाला, आणि २०१७ मध्ये जीएसटी लागू झाल्यावर त्याची जागा तेवढ्याच रकमेच्या भरपाई उपकराने घेतली. नावे बदलत गेली, तरी कोळसा जाळणाऱ्याने प्रत्येक टनामागे ठरावीक रक्कम मोजायची, ही व्यवस्था पंधरा वर्षे टिकली. तिला कोणी कार्बन कर म्हटले नाही, पण परिणामाच्या दृष्टीने ती तशीच होती, असे मला वाटते.

आता ४०० रुपये गेले आणि १८ टक्के आले, तर एकूण बोजा वाढला की घटला? दुसरे असे की या पंधरा वर्षांत कोळशाचा वापर एकंदरीत वाढतच गेला. मग या उपकराने नेमके साधले काय, आणि जमलेला पैसा कुठे गेला? शिवाय आता ‘कार्बन क्रेडिट’चा बाजार सुरू होत आहे असे वाचनात येते. तो या उपकराची जागा घेणार आहे, की ही सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे?

पक्षीय शेरेबाजी टाळून उत्तरे मिळाली तर आभारी राहीन.

हिशेबनीस

पहिल्या शंकेचे उत्तर कोळशाच्या भावावर ठरते. जुन्या पद्धतीत टनामागे ४०० रुपये आणि वर किमतीच्या ५ टक्के द्यावे लागत. नव्या पद्धतीत केवळ किमतीच्या १८ टक्के द्यावे लागतात. हे दोन्ही बोजे समान होतात तो भाव टनाला साधारण ३,०७७ रुपये येतो. त्याहून स्वस्त कोळशावरचा कर घटला आणि त्याहून महाग कोळशावरचा वाढला. औष्णिक केंद्रांना जाणारा देशी कोळसा बहुतांशी हलक्या प्रतीचा असल्यामुळे त्यांचा बोजा बराच उतरला. कोळसा मंत्रालयाच्या निवेदनानुसार वीज क्षेत्रासाठी ही घट टनामागे सरासरी २६० रुपये असून, निर्मितीच्या खर्चात ती युनिटमागे १७ ते १८ पैसे भरते.

मंत्रालयाने यासाठी दिलेले कारण खोटे नाही. ४०० रुपयांचा सपाट उपकर स्वस्त कोळशाला अधिक जड जात होता, ही त्यांची तक्रार रास्त होती. कार्बनचा हिशेब टनावर करायचा नसून उष्णतेवर करायचा असतो, कारण वेगवेगळ्या प्रतींच्या कोळशातून तेवढीच उष्णता मिळवताना बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड जवळपास सारखाच असतो. समजा, एक कोळसा किलोला ४,००० किलोकॅलरी देतो आणि टनाला १,००० रुपयांना मिळतो, तर दुसरा ६,४०० किलोकॅलरी देतो आणि ३,२०० रुपयांना मिळतो. दुसऱ्याच्या टनातून सुमारे १.६ पट उत्सर्जन होईल, म्हणून त्यावरचा करही १.६ पट असायला हवा. सपाट उपकरात दोघांवर सारखेच ४०० रुपये पडत होते, म्हणजे हलक्या कोळशावर अन्याय होता. आता पहिल्यावर १८० आणि दुसऱ्यावर ५७६ रुपये पडतात, म्हणजे ३.२ पट, अन्यायाची दिशा उलटली, इतकेच. उष्मांकाच्या प्रतीनुसार कर लावणे अवघड नव्हते, कारण कोल इंडियाचे भावच मुळात त्या प्रतींवर ठरतात.

तथापि दरापेक्षा मोठा बदल दुसरीकडे आहे आणि त्याची चर्चा मला कुठे आढळली नाही. भरपाई उपकराचे इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, केवळ भरपाई उपकर भरण्यासाठीच वापरता येत असे. सिमेंट, कागद किंवा पोलाद बनवणाऱ्याच्या मालावर तो उपकर नव्हता, त्यामुळे कोळशावर दिलेले ४०० रुपये त्याला परत मिळत नसत आणि तो त्याचा खरा खर्च होता. आता भरलेला १८ टक्के जीएसटी हे सर्व उद्योग आपल्या विक्रीवरच्या करातून पूर्णपणे वजा करू शकतात. कर ५ चा १८ झाला असे बाहेरून दिसत असले, तरी सिमेंटच्या भट्टीच्या दृष्टीने कोळशावरचा जाचक बोजा ४०० रुपयांवरून शून्यावर आला आहे. वीज मात्र जीएसटीच्या बाहेर असल्यामुळे औष्णिक केंद्राला क्रेडिट मिळत नाही आणि तिथे १८ टक्के हा खर्चच राहतो, जो शेवटी आपल्या बिलात ‘इंधन समायोजन आकार’ या ओळीतून किंवा मूळ दरातून येतो.

याच्या जोडीला दोन विसंगती लक्षात घ्याव्यात. पेटकोक हा तेलशुद्धीकरणातून उरणारा घन पदार्थ सिमेंटच्या भट्ट्यांत मोठ्या प्रमाणात जाळला जातो; उष्णतेच्या मानाने त्याचे उत्सर्जन कोळशाइतकेच, किंबहुना किंचित अधिक असते, पण त्याच्यावर हा उपकर कधीच नव्हता. उलट नैसर्गिक वायू हे तुलनेने स्वच्छ इंधन अजूनही जीएसटीच्या बाहेर आहे, त्यावर राज्यांचा व्हॅट लागतो आणि जीएसटी भरणाऱ्या उद्योगाला त्याचे क्रेडिट मिळत नाही. महाराष्ट्राने एप्रिल २०२२ पासून हा व्हॅट १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला, म्हणून आपल्याकडे झळ कमी आहे. मलिन इंधनाच्या कराची वजावट मिळावी आणि स्वच्छ इंधनाच्या कराची मिळू नये, अशी रचना कोणी ठरवून केली नसेल, पण ती आज अस्तित्वात आहे.

भारनियमन

हिशेबनीस यांनी कराची बाजू स्पष्ट केली आहे. मी वीज क्षेत्राच्या बाजूने आपल्या दुसऱ्या शंकेविषयी लिहितो.

प्रथम या उपकराची पातळी पाहू. आपल्याकडचा एक टन कोळसा जाळला की साधारण दीड ते पावणेदोन टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे टनामागे ४०० रुपये याचा अर्थ कार्बन डायऑक्साइडच्या टनाला सुमारे २५० रुपये. युरोपीय संघाच्या बाजारात २०२४ आणि २०२५ मध्ये बहुतेक काळ हाच भाव ६० ते ८० युरोंच्या दरम्यान होता. आपण त्यांच्याइतका भाव लावावा असे माझे मुळीच म्हणणे नाही; फक्त २५० रुपयांकडून किती अपेक्षा ठेवायची, याचा अंदाज यावा.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात कार्बन कराचे काम असे सांगितले जाते की मलिन इंधन महाग झाले की वापरणारा दुसऱ्या पर्यायाकडे वळतो. आपल्या वीज क्षेत्रात हा धागा दोन ठिकाणी तुटलेला आहे. वीज खरेदीचे बहुतेक करार दीर्घ मुदतीचे आणि दोन भागांचे असतात : स्थिर आकार, जो केंद्र चालो वा बंद राहो द्यावाच लागतो, आणि इंधनाचा खर्च, जो नियामक आयोगाच्या मंजुरीने जसाच्या तसा ग्राहकाकडून वसूल होतो. इंधनावरचा कर निर्मिती कंपनीच्या खिशातून जात नसल्यामुळे तिला तो टाळण्याची निकडही भासत नाही. दुसरे म्हणजे कोणते केंद्र आधी चालवायचे हे बदलत्या खर्चाच्या चढत्या क्रमाने, म्हणजे मेरिट ऑर्डरने ठरते. उपकरामुळे कोळशाची सर्वच केंद्रे युनिटमागे २६-२८ पैशांनी महाग झाली, पण त्यांचा आपसातला क्रम फारसा बदलला नाही. आणि वायूवरची केंद्रे इतकी महाग होती की हे पैसे त्यांना वर आणायला पुरेसे नव्हते. परिणामी जो दैनंदिन बदल कराने घडावा, तो घडला नाही.

नव्या गुंतवणुकीवर थोडा परिणाम झाला असेल, हे मी नाकारत नाही. मात्र सौर ऊर्जेचे खरे काम लिलावांनी, वितरण कंपन्यांवरच्या अपारंपरिक वीज खरेदीच्या बंधनाने आणि जगभर कोसळलेल्या सौर पटलांच्या किमतींनी केले. मे २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथील लिलावात युनिटला २.४४ रुपये दर निघाला, तेव्हा नव्या औष्णिक केंद्राचे गणित उपकराशिवायही बिघडले होते. महाराष्ट्रातले ताजे उदाहरण मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे आहे. कृषी पंपांना दिवसा वीज देण्यासाठी तिच्या दुसऱ्या टप्प्यात ३ रुपयांच्या आसपास दर मिळाले, आणि महागडी वीज विकत घेऊन ती शेतीला स्वस्तात देण्याचा महावितरणचा तोटा त्यामुळे कमी होतो. तिथे उत्सर्जन घटते ते अनुदानाचा भार हलका करण्याच्या ओघात. कार्बन हा शब्दही त्या निर्णयात मध्यवर्ती नव्हता. आपल्या देशात उत्सर्जन कमी करणारी धोरणे बहुधा अशीच, दुसऱ्या कारणासाठी जन्माला येतात.

पैशाचे काय झाले, हा प्रश्न अधिक अप्रिय आहे. उपकराच्या रकमेतून राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी उभारला जाणार होता. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात सुमारे ८६,४४० कोटी रुपये गोळा झाले, त्यांपैकी सुमारे २९,६४५ कोटी निधीकडे वळवले गेले आणि प्रत्यक्ष प्रकल्पांवर खर्च झाले ते सुमारे १५,९११ कोटी. उरलेले पैसे चोरीला गेले असा याचा अर्थ नाही, ते सर्वसाधारण तिजोरीत विरून गेले. २०१७ नंतर तर कायद्यानेच हेतू बदलला : जीएसटीमुळे राज्यांचे जे नुकसान होईल त्याची भरपाई करणे, आणि पुढे करोनाच्या काळात त्यासाठी काढलेले कर्ज फेडणे. त्यामुळे ते कर्ज फिटत आल्यावर उपकर जाणार हे उघड होते. पर्यावरणाचा कर म्हणून तो २०१७ मध्येच संपला होता, २०२५ मध्ये केवळ त्याचा अंत्यविधी झाला.

इरईकाठ

दोघांचेही आभार. क्रेडिटचा मुद्दा मला पूर्णपणे नवा होता. हिशेबनीस म्हणतात त्याप्रमाणे सिमेंट कारखान्यांवरचा कोळशाचा बोजा शून्य झाला असेल, तर त्यांच्यासाठी आता कार्बन क्रेडिटचा बाजार हीच एक गोष्ट उरते. तो कसा चालणार आहे, हे त्या उद्योगातील कोणी सांगू शकेल का?

क्लिंकर

सिमेंट उद्योगात ऊर्जा-लेखापरीक्षणाचे काम करतो, म्हणून लिहितो. मते व्यक्तिगत आहेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण वरच्या चर्चेत ती निसटली आहे. सिमेंटच्या उत्सर्जनाचा मोठा भाग इंधनातून येतच नाही. चुनखडी भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि एक टन क्लिंकरमागे (भट्टीतून निघणारा आणि दळून सिमेंट होणारा पदार्थ) तो अर्ध्या टनाहून थोडा अधिक असतो. भट्टीत कोळसा जाळा, पेटकोक जाळा की उद्या हायड्रोजन जाळा, हा भाग हटत नाही. कोळशावरचा कर कितीही वाढवला तरी तो या उत्सर्जनाला स्पर्श करू शकत नव्हता. ते कमी करण्याचा आजचा व्यवहार्य मार्ग एकच आहे : सिमेंटमध्ये क्लिंकरचे प्रमाण घटवून त्याऐवजी औष्णिक केंद्राची राख, पोलाद कारखान्याचा स्लॅग किंवा भाजलेली माती वापरणे. पोझोलाना सिमेंटमध्ये राखेचे प्रमाण ३५ टक्क्यांपर्यंत आणि स्लॅग सिमेंटमध्ये स्लॅगचे प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत चालते. चुनखडी आणि भाजलेली माती एकत्र वापरून होणाऱ्या सिमेंटलाही २०२३ मध्ये भारतीय मानक मिळाले आहे. म्हणून कर इंधनावर न लावता कारखान्याच्या एकूण उत्सर्जनावर बंधन घालणे, हे निदान आमच्या उद्योगासाठी अधिक योग्य आहे.

नवी योजना तेच करते. २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली, जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद या चार उद्योगांतील २८२ कारखान्यांना लक्ष्ये दिली गेली. त्यांत सिमेंटचे १८६ आहेत. २०२३-२४ हे आधारवर्ष धरून प्रत्येक कारखान्याने एक टन उत्पादनामागे किती उत्सर्जन करावे, याची मर्यादा २०२५-२६ आणि २०२६-२७ साठी ठरवली आहे. लक्ष्यापेक्षा चांगली कामगिरी करणाऱ्याला प्रत्येक वाचवलेल्या टनामागे एक प्रमाणपत्र मिळते, आणि मागे पडणाऱ्याने तेवढी प्रमाणपत्रे वीज विनिमय मंचावरून विकत घ्यायची. योजनेचा कारभार ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोकडे आणि बाजाराचे नियमन केंद्रीय वीज नियामक आयोगाकडे आहे.

हा खेळ आम्हाला नवा नाही. २०१२ पासून ऊर्जाबचतीची ‘पॅट’ योजना याच धर्तीवर चालली. तिच्या पहिल्या फेरीत ४७८ कारखान्यांसमोर मिळून सुमारे ६.६९ दशलक्ष टन तेलतुल्य ऊर्जा वाचवण्याचे लक्ष्य होते आणि प्रत्यक्षात ८.६७ दशलक्ष टन वाचली. हे यश म्हणून सांगितले जाते आणि ते खोटे नाही, पण बाजाराच्या दृष्टीने हीच अडचण ठरली. विकणारे पुष्कळ आणि घेणारे थोडे, अशा स्थितीत सप्टेंबर २०१७ मध्ये १,२०० रुपयांनी सुरू झालेला प्रमाणपत्राचा भाव काही महिन्यांतच निम्म्याहून खाली आला. जितक्या ऊर्जेसाठी ते एक प्रमाणपत्र मिळत होते, तिची शासनानेच धरलेली किंमत १० हजार रुपयांहून अधिक होती. ज्या कारखान्याने खरोखर पैसा ओतून भट्टीतून वाया जाणाऱ्या उष्णतेवर वीज बनवण्याचा संच बसवला, त्याला या भावाने काहीही दिले नाही.

या अनुभवामुळे मला नव्या योजनेतील एक तरतूद खटकते. लक्ष्य चुकवणाऱ्याला जो दंड आहे, तो त्या फेरीतील प्रमाणपत्राच्या सरासरी भावाच्या दुप्पट आहे. ऐकायला कडक वाटते. पण बाजारभाव ३०० रुपये असेल तर दंड ६०० रुपये होणार, म्हणजे भाव पडला की दंडही पडणार. किमान भाव ठरवण्याची सोय योजनेत आहे. तो भाव कितीवर ठेवला जातो, यावरच या बाजाराचे भवितव्य ठरेल. आमच्या व्यवसायात सध्या जो तो याच आकड्याचा अंदाज बांधतो आहे.

ऱ्हाईनपार

क्लिंकर यांचे विवेचन उत्तम आहे, पण त्यांच्या एका गृहीतकाशी मी सहमत नाही. उत्पादनामागच्या उत्सर्जनावर मर्यादा म्हणजे उत्सर्जनावर मर्यादा नव्हे. समजा, एका कारखान्याचे उत्सर्जन सिमेंटच्या टनामागे ०.६० टन आहे, त्याचे लक्ष्य ०.५८ आहे आणि त्याने ०.५७ गाठले. उत्पादन २० लाख टनांवर स्थिर असेल तर त्याला २०,००० प्रमाणपत्रे मिळतील. त्याने उत्पादन ३० लाख टनांवर नेले, तर त्याचे एकूण उत्सर्जन १२ लाख टनांवरून १७ लाख १० हजार टनांवर जाईल आणि प्रमाणपत्रे मात्र ३०,००० मिळतील. वातावरणाला उत्पादनामागचे प्रमाण कळत नाही. चीननेही २०२१ मध्ये हाच मार्ग घेतला, आणि तिथेही अर्थतज्ज्ञांची पहिली टीका हीच होती.

युरोपात मी राहतो म्हणून तिथल्या व्यवस्थेचे गोडवे गातो आहे, असे कोणी समजू नये. २००५ मध्ये सुरू झालेल्या युरोपीय बाजारात एकूण उत्सर्जनावर मर्यादा होती खरी, पण उत्सर्जनाचे परवाने इतके सढळ हाताने आणि तेही फुकट वाटले गेले की २००७ मध्ये भाव जवळपास शून्यावर आला. पुढे मंदीनंतर पुन्हा शिल्लक साचली आणि २०१३ च्या सुमारास भाव ५ युरोंच्या खाली उतरला. जादा परवाने बाजारातून काढून ठेवण्याची यंत्रणा ठरली आणि २०१९ पासून लागू झाली, तेव्हा कुठे भाव सावरला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याने १०० युरो ओलांडले. या बाजाराखालील उद्योगांचे आणि वीज केंद्रांचे उत्सर्जन २००५ च्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आले आहे, पण त्यासाठी दोन दशके आणि अनेक दुरुस्त्या लागल्या.

भारताशी याचा थेट संबंध सीमेवरच्या कार्बन आकारामुळे येतो. १ जानेवारी २०२६ पासून पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, वीज आणि हायड्रोजन यांच्या युरोपात होणाऱ्या आयातीवर त्यांच्यातील कार्बनची किंमत लागू झाली आहे. मूळ देशात कार्बनची किंमत प्रत्यक्ष भरली असेल, तर तेवढी वजा होते. इथे ‘प्रत्यक्ष’ हा शब्द महत्त्वाचा आहे. भारतीय योजनेत जो कारखाना लक्ष्य पूर्ण करतो तो काहीच भरत नाही, आणि जो चुकतो तो फक्त चुकलेल्या तुकड्यापुरता भरतो. म्हणजे युरोपीय आयातदाराला दाखवायला वजावट जवळजवळ उरतच नाही आणि जी रक्कम दिल्लीच्या तिजोरीत जाऊ शकली असती ती ब्रुसेल्सला जाते. कर प्रत्येक टनावर लागतो आणि बाजार फक्त फरकावर लागतो, हा भेद निर्यातदारांच्या दृष्टीने किती महाग पडेल, याचा विचार उपकर रद्द करताना झाला होता का, हा माझा प्रश्न आहे.

क्लिंकर

उदाहरणाचे गणित बरोबर आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. ज्या देशात घरे, पूल आणि धरणे अजून बांधायची आहेत, तिथे सिमेंटच्या एकूण उत्सर्जनावर आज मर्यादा घालणे म्हणजे उत्पादनावर मर्यादा घालणे. भारताने जगाला दिलेले २०३० चे वचनही सकल उत्पन्नामागच्या उत्सर्जनात २००५ च्या तुलनेत ४५ टक्के घट करण्याचे आहे, एकूण उत्सर्जन घटवण्याचे नाही. शिवाय मी टनामागच्या मर्यादेचे समर्थन करतो ते आणखी एका कारणासाठी : कारखान्याला फक्त फरकाची किंमत मोजावी लागत असल्यामुळे सिमेंटचा भाव फारसा वाढत नाही आणि राजकीय विरोधही होत नाही. ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये लावलेला कार्बन कर सत्तापालट झाल्यावर २०१४ मध्ये रद्द झाला. योजना टिकली तरच ती पुढे कडक करता येते.

एकूण उत्सर्जनावरची मर्यादा भारतात चालतच नाही, असेही मी म्हणत नाही. सुरतच्या कापड गिरण्यांच्या धुराड्यांतून निघणाऱ्या धूलिकणांसाठी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१९ मध्ये एकूण मर्यादेचा बाजार सुरू केला. कोणत्या कारखान्यांना बाजारात घ्यायचे हे सोडतीने ठरवल्यामुळे तुलना चोख झाली, आणि बाजारातल्या कारखान्यांचे धूलिकण इतरांपेक्षा २० ते ३० टक्क्यांनी कमी निघाले. २०११ मधील मूळ प्रस्तावात गुजरातबरोबर महाराष्ट्र आणि तमिळनाडूही होते, हे आपल्यासाठी फारसे भूषणावह नाही. पण सुरतेत धुराड्यावर सतत मोजणारे यंत्र बसवले होते आणि ठेवीतून दंड कापला जात होता. यंत्र आणि ठेव, या दोन गोष्टी नसतील तर मर्यादा एकूण असो वा टनामागे, ती कागदावरच राहते.

इरईकाठ

या सर्व चर्चेतून असे दिसते की सर्वाधिक कोळसा जाळणारी वीज केंद्रे या बाजाराच्या बाहेर आहेत आणि त्यांच्यावरचा कर मात्र कमी झाला आहे. मग त्यांना आत आणले तर घरगुती बिलावर किती परिणाम होईल? आमच्याकडे उन्हाळ्यात कूलरशिवाय भागत नाही, त्यामुळे हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही.

भारनियमन

ढोबळ हिशेब मांडतो. देशातील सरासरी विजेमागे युनिटला सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. टनाला १,००० रुपये किंमत लावली, म्हणजे जुन्या उपकराच्या चौपट आणि युरोपच्या एक षष्ठांशाच्या आसपास, तर युनिटमागे ७० पैसे वाढतील. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या घराला १४० रुपये, कूलरच्या दिवसांत त्याहून अधिक.

दुसऱ्या बाजूला, वीज क्षेत्राचे वार्षिक उत्सर्जन सुमारे १२० कोटी टन असल्यामुळे सरकारकडे १.२ लाख कोटी रुपये येतील. घरगुती ग्राहक एकूण विजेच्या जेमतेम पाव भाग वापरतात. उरलेला बोजा उद्योग, व्यापार आणि शेतीवर पडेल आणि त्यातला काही वस्तूंच्या भावातून घराघरांत पोहोचेल. तरीही ही रक्कम समान वाटली तर कमी वीज वापरणाऱ्या कुटुंबाच्या हाती बिलात वाढलेल्या रकमेपेक्षा जास्त पैसे येतील. कॅनडात नेमकी हीच व्यवस्था होती, लोकांच्या खात्यात दर तीन महिन्यांनी पैसे जमा होत होते, आणि तरीही पेट्रोल पंपावरची आणि बिलांवरची वाढ लोकांना दिसली पण खात्यातली रक्कम दिसली नाही. १ एप्रिल २०२५ पासून तिथे ग्राहकांवरचा तो आकार बंद करण्यात आला. त्यामुळे खात्यात पैसे जमा करण्याच्या मार्गावर माझा फार भरवसा नाही, आणि स्वच्छ ऊर्जा निधीचा इतिहास पाहता ‘पैसा परत देऊ’ या आश्वासनावर तर त्याहून कमी आहे.

मला अधिक व्यवहार्य वाटणारा मार्ग बिलातच आहे. महाराष्ट्रात घरगुती बिलावर १६ टक्के वीज शुल्क लागते. युनिटमागे ९ रुपये आकारणी धरली तर हे शुल्क १.४४ रुपये होते. ते निम्म्यावर आणले तर ७२ पैसे वाचतात, म्हणजे कार्बनची १,००० रुपये किंमत त्याच बिलात जवळजवळ पूर्ण भरून निघते आणि ग्राहकाला दोन्ही ओळी शेजारी शेजारी दिसतात. कोळसा मात्र महाग राहतो, आणि सौर किंवा पवन वीज घेणाऱ्या वितरण कंपनीला फायदा होतो. अडचण अशी की कार्बनची रक्कम केंद्राकडे जाणार आणि वीज शुल्क हे राज्याचे उत्पन्न आहे. राज्याने शुल्क सोडायचे तर केंद्राने ते भरून द्यायला हवे, आणि जीएसटी भरपाईचे हप्ते वेळेवर मिळवण्यासाठी २०२० मध्ये राज्यांना जे करावे लागले ते पाहिल्यानंतर महाराष्ट्राचे कोणतेही सरकार अशा आश्वासनावर आपले शुल्क सोडेल, असे मला वाटत नाही. वाटा मिळण्याची कायद्यात हमी, आणि तीही ठरावीक मुदतीपुरती नव्हे, एवढे झाले तरच हा प्रस्ताव मुंबईत कोणी वाचून पाहील.